तांब्याची पट्टी

'मातीतला' हा शब्द कुणी माझ्यासमोर उच्चारला की माझं डोकं फिरतं. पूर्वी असं नव्हतं. आमच्या विज्ञानपटाचा पहिला भाग पुण्याच्या एका महोत्सवात दाखवला गेला आणि तिथल्या एका मोठ्या समीक्षकानं त्याला अस्सल मातीतला सिनेमा म्हटलं, तेव्हा ते कात्रण मी लॅमिनेट करून आणलं आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं. तीन वर्षांनी दुसरा भाग आला. त्याच माणसानं त्याच पेपरात अर्धं पान लिहिलं, की या लोकांची माती हरवली. त्या दिवसापासून मी जो तापलोय तो अजून निवलेलो नाही. तापण्याचं कारण तेवढं मध्येच बदललं, ते सांगायला बसलोय.

आम्ही म्हणजे कुणी कंपनी नाही. लोहाऱ्याच्या एका शाळेत मी क्लार्क आहे. दाखले, पटसंख्या, शिष्यवृत्तीचे अर्ज, हे माझं काम. त्याच शाळेत विज्ञान शिकवणारे एक सर आहेत, त्यांना सिनेमाचं वेड. दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत ते शूटिंग करतात. कॅमेरा उमरग्याच्या एका फोटोग्राफरचा, तोही त्याला लग्नाची ऑर्डर नसेल तेव्हाच मिळणारा. संवाद मी लिहितो आणि घरच्या कंप्युटरवर एडिटिंगही मीच करतो. नट म्हणजे नात्यातली, शेजारपाजारची आणि तहसीलच्या रांगेत ओळख झालेली माणसं.

पहिल्या भागाची गोष्ट साधी होती. आकाशातून एक यान येतं आणि आटलेल्या तलावात उतरतं. सगळं गाव घागरी घेऊन त्याच्यापुढं रांग लावतं. यानातल्यांना वाटतं, हे लोक आपल्याला काहीतरी द्यायला आलेत. रांगेत सगळ्यात पुढं माझी थोरली बहीण होती. मी तिला अक्का म्हणतो. तिला एकच वाक्य होतं, "पानी हाय का वो तुमच्याकडं?" समीक्षकांनी लिहिलं की त्या बाईच्या चेहऱ्यावर शतकांची तहान दिसते. प्रत्यक्षात शॉटच्या आधी ती दोन तांबे ताक प्यायली होती. तरीही आम्हाला लई भारी वाटलं. पेपरात अक्काचा फोटो आला. मीही दहा जणांना फोन करून 'मातीतला' हा शब्द वाचून दाखवला, हे कबूल केलं पाहिजे.

दुसरा भाग करायचं ठरलं तेव्हा सर एक दिवस मधल्या सुट्टीत माझ्या टेबलापाशी येऊन बसले. म्हणाले, "दर खेपेला आपूनच तहानलेले कामून दाखवायचे? शंभर वर्षांनीबी आपल्या नातवंडांनी घागरच धरायची का?" मला ते एकदम पटलं. मग आम्ही गोष्ट पुढं नेली. त्या यानात बसून गेलेल्या गावकऱ्यांची नातवंडं आता तेच यान चालवतायत. कुणी गरीब नाही, कुणी तहानलेलं नाही. ती माणसं भांडतात, प्रेमात पडतात, डबा कुणी संपवला म्हणून रुसतात, आणि परत पृथ्वीवर जायचं की नाही यावर मतदान घेतात. बोलतात मात्र आपलंच, म्हणजे व्हय आणि न्हाय.

यानासाठी आम्हाला एक बंद पडलेलं दूध शीतकरण केंद्र मिळालं. काय जागा होती! स्टीलच्या मोठमोठ्या टाक्या, गोल झाकणं, भिंतीवरून धावणारे नळ, काचेमागं थबकलेले काटे. आम्ही फक्त धूळ पुसली आणि निळे दिवे लावले. पहिल्या दिवशी सर एका टाकीला हात लावून उभे राहिले आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

यानाच्या इंजिनाची मुख्य म्हणून अक्काच पाहिजे, हा सरांचा हट्ट होता. कारण तिला जळणाऱ्या, उडणाऱ्या मालाची सवय. तिचं सासर तेरखेड्याचं, येडशीच्या पलीकडं. तेरखेडा म्हटलं की आमच्या जिल्ह्यात फटाके. अक्का लग्न होऊन गेली आणि वर्षाच्या आत तिथल्या एका छोट्या कारखान्यात भुईनळे भरायला लागली. त्याला आता वीस वर्षं झाली. तिच्या डाव्या हाताच्या दोन बोटांवर चकचकीत कातडी आहे. ते कशानं झालं हे तिनं सांगितलं होतं, पण तेव्हा मी बारावीत होतो आणि मला कॉलेजला जायची घाई होती. मी ते नीट ऐकलं नव्हतं.

सेटवर अक्कानं आमचं डोकं उठवलं. शिंप्याकडून चकचकीत चंदेरी पोशाख शिवून आणला होता, तो तिनं बोटांत धरून बघितला आणि बाजूला ठेवला.

"हे असलं घालून म्या दारूपाशी जानार न्हाय," ती म्हणाली. दारू म्हणजे फटाक्यात भरतात ती.

"अक्का, दारू खोटी आहे. टाकीत रंगीत पाणी आहे."

"सिनेमात तर खरी हाय ना?"

शेवटी ती स्वतःची सुती साडी नेसूनच उभी राहिली. हातात द्यायला पाना आणला होता, तोही लोखंडाचा म्हणून तिनं परत केला आणि पितळेचा मागितला. मला वाटलं, बाईला कॅमेऱ्याची भीती वाटतीय, म्हणून नखरे चाललेत. मी सरांना तसं बोललोही.

मग तो प्रसंग आला. यानाच्या इंधनात बिघाड होतो आणि इंजिनाची मुख्य एकटीच इंधनाच्या खोलीत जाते. आम्ही लिहिलं होतं, ती दार उघडून आत जाते. अक्का दारापाशी आली, थांबली, चप्पल काढली, खाली वाकली, आणि उंबऱ्यालगत जमिनीत गेलेली एक तांब्याची पट्टी होती तिच्यावर उजवा तळहात टेकवला. क्षणभर तशीच राहिली. मग उठून आत गेली. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी कधी लिहूच शकलो नसतो. सर कॅमेऱ्यामागून हळूच म्हणाले, "वा, नमस्कार केला बघा." मीही मान डोलवली. एडिटिंगला बसल्यावर मोजलं, अकरा सेकंद. त्या अकरा सेकंदांना मी कात्री लावली नाही.

पुण्यात दुसरा भाग दाखवला तेव्हा मी आणि सर गेलो होतो. अक्काला कामाचा खाडा करता आला नाही, दिवाळीच्या मालाचे दिवस होते. सिनेमा संपल्यावर टाळ्या पडल्या, पण त्या पहिल्या भागासारख्या नव्हत्या. माणसं येऊन हात मिळवत होती आणि पुढच्या खेपेला परत गावाकडचं काहीतरी करा म्हणून सांगत होती. मी म्हणत होतो, अहो हे गावाकडचंच आहे. ते हसून पुढं जात होते.

मग परीक्षणं आली. मोबाईलवर सिनेमावर बोलणारा एक पोरगेला माणूस पंधरा मिनिटं नुसता हसत होता. यानात बसून ही माणसं 'लई' म्हणतात, याचंच त्याला हसू. मला सांगा, प्रकाशवर्षं ओलांडून गेलेल्या माणसानं कुठलं मराठी बोलायचं? सदाशिव पेठेतलं? न्यूयॉर्कचा माणूस त्यांच्या सिनेमात कुठल्याही ग्रहावर जाऊन न्यूयॉर्कचंच बोलतो, ते यांना चालतं. आमच्या माणसानं मात्र दुष्काळात उभं राहून बोललं तर भाषा अस्सल, आणि यानात बसून बोललं तर विनोद. एका बाईंनी लिहिलं की पहिल्या भागातला निरागसपणा गेला. निरागसपणा! चाळीस वर्षांच्या बाईनं घागर पुढं धरली की ती निरागस, आणि पितळेचा पाना धरला की बिघडली.

पण त्या मोठ्या समीक्षकाचं अर्धं पान सगळ्यांत वाईट होतं, कारण ते सभ्यपणे लिहिलेलं होतं. त्यांचा सूर असा, की पहिल्या भागात जीवनातून आलेलं सगळं होतं, दुसऱ्यात उसनं आणि शहरी स्वप्नांचं. आणि मग त्यांनी नेमका तो अकरा सेकंदांचा प्रसंग उचलला होता. भविष्यातली इंजिनीअर बाई इंधनाच्या खोलीत जाताना चप्पल काढून जमिनीला नमस्कार करते, म्हणजे दिग्दर्शकाला यान कळलं पण विज्ञानाची दृष्टी कळली नाही, अंधश्रद्धा त्यानं तशीच यानात चढवली, असा त्याचा अर्थ. वर अक्काचा वाकलेला फोटो, चांगला मोठा.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत अक्काच्या कारखान्यातल्या एका बाईनं तिला ते मोठ्यानं वाचून दाखवलं. लगेच मला फोन आला.

"अंधश्रद्धा म्हंजी देवाधर्माचं खुळ ना रं?"

"व्हय."

"मग म्या कुठं केली? म्या तर करंट उतरवला."

"कसला करंट?"

 ती लहान पोराला सांगावं तसं सांगू लागली. "साडी अंगाला घासती, चप्पल फरशीला घासती, त्यानं अंगात करंट बसतोय. थंडीत लईच. दाराच्या कडीला हात लावला की चटका बसत न्हाय का? तसा. तुमाला नुसता चटका बसतोय. आमच्या म्होरं दारू पसरलेली असती. ठिनगी पडली की संपलं. म्हून आमच्या दारात तांब्याची पट्टी पुरलेली हाय. हात लावायचा, करंट जमिनीत सोडायचा, मग आत जायाचं. त्यापायीच सुती साडी, त्यापायीच लोखंड न्हाय. वीस वर्सं झाली, येक दिवस चुकले न्हाय म्या. आन् ह्यो बाबा म्हनतोय अंधश्रद्धा!"

तळपायाची आग मस्तकात गेली. त्या सबंध सिनेमात खरं विज्ञान कुठं असेल तर त्या अकरा सेकंदांत होतं, आणि नेमकं त्यालाच या माणसानं खुळ ठरवलं होतं. मी तसाच सरांकडं गेलो. त्यांनी ऐकलं आणि कपाळावर हात मारून घेतला. म्हणाले, "आठवीला शिकवतो की हो मी. फुगा केसांवर घासून दाखवतो. अन् माझ्या डोळ्यांदेखत झालं तर मला नमस्कार दिसला!" त्यांना स्वतःची लाज वाटत होती. मला ती वाटून घ्यायला वेळ नव्हता, मी पेटलेलो होतो. त्या समीक्षकाला उद्देशून चार पानी पत्र लिहिलं. त्यात एसी हॉलमध्ये बसून गावाची तहान चाखणारे लोक वगैरे सगळं होतं. पेपरनं ते छापलं नाही. मग तेच पत्र मी फेसबुकवर टाकलं, आणि त्याच्याखाली आमच्याच जिल्ह्यातल्या बावीस जणांनी न वाचता अभिनंदन लिहिलं.

त्याच सुमाराला एका ऑनलाइन मंचानं सिनेमा घ्यायची तयारी दाखवली. अट एकच, लांबी दहा मिनिटं कमी करा. सरांनी कापायच्या प्रसंगांची यादी केली आणि पहिलंच नाव अक्काच्या प्रसंगाचं होतं.

"लोकांना कळत न्हाय तर कशाला ठेवायचा?" सर म्हणाले. "परत कुणीतरी अंधश्रद्धा म्हणणार. आपणच हसं करून घ्यायचं का?"

मी विरोध करायला पाहिजे होता. एवढा तापलेला माणूस, पण मी गप्प बसलो. खरं सांगायचं तर तो प्रसंग गेला तर बरंच, असं मला आतून वाटत होतं. मी अक्काला फोनवर सांगितलं की थोडी काटछाट होणार आहे. तिनं ताबडतोब ओळखलं.

"माझा हात काढनार?"

"ठरलं नाही अजून."

"बाकीचं समदं तुमी लिवलेलं मी बोलले. तेवढंच माझं हाय. माझं वीस वर्साचं काम तेवढ्यात हाय. ते काढायचं आसंल तर मला समद्यातनंच काढा."

आता मधल्या काळात लोहाऱ्यात काय झालं ते सांगितलं पाहिजे, कारण असं फक्त आमच्याकडंच होऊ शकतं. आमच्याकडं पेपरात नाव आलं की सत्कार करायचा, ही रीत पक्की आहे. कुणाची बदली होवो, कुणाचा पोरगा पास होवो, कुणी पंचायतीच्या निवडणुकीत पडो, शाल आणि नारळ ठरलेला. चौकातल्या मंडळाच्या अध्यक्षांना सगळे दादा म्हणतात. दादांनी ते अर्धं पान बघितलं, वाचलं नाही, आणि जाहीर केलं की ज्यांनी आपल्या तालुक्यावर एवढं मोठं लिहिलं त्या साहेबांचा जाहीर सत्कार करायचा.

मी धावत गेलो. म्हणालो, "दादा, त्यांनी आपल्याला शिव्या दिल्यात!"

"दिल्या तर दिल्या. अर्धं पान हाय का न्हाय?"

"अहो, पण..."

"पुण्याच्या पेपरात लोहाऱ्याला अर्धं पान कदी आलं होतं, सांग बरं. सूत्रसंचालन तू करायचं."

स्टँडसमोर फ्लेक्स लागला. मधोमध ते परीक्षण मोठं करून छापलेलं, त्याच्या चारी बाजूंनी मंडळाच्या पदाधिकाऱ्यांचे गॉगल लावलेले फोटो आणि खाली हार्दिक अभिनंदन. माती हरवली ही अक्षरं पार रस्त्याच्या पलीकडून वाचता येत होती. जीपची वाट बघणारी माणसं त्याखाली उभी राहून भेळ खात होती. मी रोज त्याच्यासमोरून शाळेत जात होतो आणि रोज माझं रक्त उकळत होतं. दादांवर, पुण्यावर, मोबाईलवरच्या त्या हसऱ्यावर, फ्लेक्स छापणाऱ्यावर, सगळ्यांवर.

मी मनात ठरवलं की सूत्रसंचालन करायचंच. माईक माझ्या हातात असणार. साहेब समोर खुर्चीत असणार, उठून जायची सोय नाही. तिथं त्यांना करंटचा धडा द्यायचा. आठवड्यात माझी वाक्यं पाठ झाली. पाहुण्यांना शाल द्यायला अक्कालाही बोलावलं होतं. तीही येते म्हणाली.

सत्कार अकराचा होता म्हणून दीड वाजता सुरू झाला. मंगल कार्यालय भरलेलं. साहेब आले, आणि मला पहिला धक्का तिथंच बसला, कारण माणूस साधा निघाला. बारीक अंग, चुरगळलेला सदरा, ज्याच्या त्याच्याशी मान लववून बोलणं. तो उर्मट असावा अशी माझी फार इच्छा होती. फ्लेक्स बघून त्यांना काय वाटलं असेल कोण जाणे, पण ते काही बोलले नाहीत. भाषणात त्यांनी मंडळाचे आभार मानले आणि आपण परखड लिहूनही बोलावलंत, हा मोठेपणा म्हणाले. दादांनी शेजारच्याला विचारलं, "परखड म्हंजी?" शेजारच्यानं मान हलवली.

मी माईक घेतला. पहिलं वाक्य तोंडात होतं. तेवढ्यात अक्का शाल हातात घेऊन पुढं आली, साहेबांसमोर थांबली आणि मला म्हणाली, "दे इकडं." मी माईक दिला.

"सायेब, येक इचारू का?" ती म्हणाली. "तुमी लिवलं अंधश्रद्धा. ती तुमाला कशात दिसली?"

साहेब गडबडून उठून उभे राहिले. त्यांनी माईक मागितला नाही, पण समोरच्या दोन-तीन रांगांना स्पष्ट ऐकू आलं.

"ताई, मला त्या कृतीचा अर्थ कळला नव्हता. म्हणून मी विचारलं होतं. सिनेमा संपल्यावर, चहाच्या वेळी. यांना." त्यांनी माझ्याकडं हात केला. त्यात काही खोच नव्हती, ते फक्त खरं सांगत होते. "यांनीच सांगितलं की ही आमच्याकडची श्रद्धा आहे, कामाला लागण्याआधी आमच्या बायका भूमातेला नमस्कार करतात."

हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. परीक्षण वाचलं त्या मिनिटापासून. चार पानी पत्र लिहिताना माहीत होतं, दादांशी भांडताना माहीत होतं, सरांच्या यादीपुढं गप्प बसलो तेव्हा तर फारच चांगलं माहीत होतं. त्या दिवशी पुण्यात हातात चहाचा कागदी कप होता. दुसरा भाग लोकांना आवडला नाही हे अंगाला कळत होतं. सगळे सरांशी बोलत होते, माझ्याकडं कुणी बघत नव्हतं. एवढ्यात तो मोठा माणूस आपणहून माझ्याकडं आला आणि विचारलं, ती बाई दारात वाकून काय करते? मला माहीत नव्हतं. माहीत नाही, बहिणीला विचारून सांगतो, एवढंच म्हणायचं होतं. फोन खिशात होता. पण मला वाटलं, यांना माती आवडते, आपण थोडी देऊ. श्रद्धा म्हणालो. भूमाता हा शब्द तर मी आयुष्यात कधी वापरला नव्हता, तो कुठून आला देव जाणे. बोलताना मी छातीवर हातसुद्धा ठेवला होता.

पुण्याच्या लोकांना आम्ही घागर घेतलेले हवे असतात म्हणून मी महिनाभर बोंब मारत होतो. आणि माझ्या सख्ख्या बहिणीच्या हातात घागर मीच दिली होती.

अक्कानं माझ्याकडं बघितलं. फार वेळ नाही. मग माईक तोंडाशी धरून म्हणाली, "त्याला ठावं न्हाय, सायेब. त्यानं मला कदी इचारलंच न्हाय." आणि मला जे फोनवर सांगितलं होतं ते तिनं सगळ्यांसमोर सांगितलं. साडी, करंट, थंडी, पट्टी. शेवटी डावा हात वर करून ती दोन बोटं दाखवली आणि म्हणाली की पहिल्याच वर्षी हे झालं तेव्हा दारात पट्टी नव्हती. साहेब खिशातली वही काढून लिहून घेत होते. आमच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, माईकवरचं बोलणं संपलं की वाजवतात तशा. अक्कानं साहेबांना शाल घातली, नारळ दिला, आणि जेवायला न थांबता जीपनं निघून गेली. माझं पाठ केलेलं भाषण तसंच राहिलं. मी आभारप्रदर्शन केलं.

साहेबांनी पुढच्या आठवड्यात पेपरात खुलासा छापला, तोही प्रामाणिकपणे, आपली चूक झाली म्हणून. फक्त त्यात त्यांनी असंही लिहिलं की लोकपरंपरेच्या मातीत किती शहाणपण दडलेलं असतं बघा. परत माती! अहो, विज्ञान आहे ते, आठवीच्या पुस्तकात आहे, ते एका कामगार बाईला तिच्या कामातून येतं. पण ते तिला येतं एवढं म्हणायला या लोकांची जीभ वळत नाही. ते मातीला येतं, परंपरेला येतं, बाईला येत नाही. वाचून मी पेपर फाडला. फाडताना आठवलं, की मीही तेच केलं होतं. यांनी निदान विचारलं तरी होतं.

अक्का आठ दिवस माझा फोन उचलत नव्हती. नवव्या दिवशी मी शाळेत रजा टाकली आणि पहाटेच्या एसटीनं निघालो. येडशीला गाडी बदलली. तेरखेड्याला उतरून कारखान्यापर्यंत चालत गेलो. गावाबाहेर मोकळ्या रानात एकेकट्या, लांब लांब बांधलेल्या खोल्या. वीस वर्षांत मी अक्काच्या घरी शंभरदा जेवलो असेन, पण इथं कधी आलो नव्हतो. सकाळचे आठ-साडेआठ झाले होते. अक्का एका खोलीबाहेर पदर खोचून उभी होती. मला बघून तिला आश्चर्य वाटलं असलं तरी तिनं दाखवलं नाही.

"तुझा हात ठेवलाय," मी म्हणालो. "सरांनी यादी बदलली. दुसरी दहा मिनिटं काढली, माझे संवाद आहेत ती."

"बरं."

"सर म्हणत होते, त्या जागी खाली एक ओळ टाकू. हे कशासाठी करतात ती."

तिनं थोडा विचार केला. "नको. ज्याला कळंना त्यानं इचारावं."

"बरं."

"आन् तुला इचारलं तर?"

"तुला विचारून सांगतो म्हणेन."

ती हसली नाही. मी म्हणालो, "अक्का, मला आत येऊन बघायचंय. तू काय करतीस ते." पट्टी तिच्या पायापाशीच होती. तळहात टेकून टेकून मधला भाग चकचकीत झालेला, कडा हिरव्या पडलेल्या. मी चप्पल काढली आणि वाकायला लागलो. तिनं माझ्या शर्टाची कॉलर दोन बोटांत धरून चोळून बघितली, तो चंदेरी पोशाख बघितला होता तशी.

"पॉलिस्टर हाय," ती म्हणाली. "तिथंच थांब, त्या लिंबाखाली."

तिनं चप्पल काढली, पट्टीवर हात टेकवला आणि आत गेली. मी लिंबाखाली जाऊन थांबलो.